झेनिट ई आणि यॅशिका इलेक्ट्रो ३५: उघडण्याआधी घरीच काय काय तपासता येईल?

धंतोली_३५
नमस्कार मंडळी. आमच्या मोठेबाबांचं उमरेडचं घर विकलं तेव्हा माळ्यावरची एक लोखंडी पेटी माझ्या वाट्याला आली. त्यात फिल्मचे दोन जुने कॅमेरे निघाले, एक झेनिट ई आणि एक यॅशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. सोबत ओरवो फिल्मचे रिकामे डबे आणि कुणाच्या तरी वरातीचे निगेटिव्ह.

झेनिटचं शटर उडतं, पण वेग १/३० सेकंद लावा की १/५०० लावा, मला आवाज सारखाच वाटून राहिला. उजेड मोजायच्या मीटरची सुई हलते, खरं सांगते का खोटं ते माहीत नाही. यॅशिकात नवीन बॅटरी पुठ्ठ्यात गुंडाळून घातली, तर बॅटरी चेकचा दिवा मिणमिणतो. शटर उडतं, पण अंधारातही तेवढंच झटकन. लेन्समध्ये जाळं दिसतं.

इथे नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात दाखवले. काउंटरवरच दोनदा खटखट करून त्यांनी "सर्व्हिसिंग लागेल" म्हणून सांगितलं, एकाचे अडीच हजार. बिघडलं काय ते तरी सांगा म्हटलं, तर "उघडल्यावर कळेल". मी कॅमेरे घेऊन परत आलो.

घरी पिवळा मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग करता येतं, फोन आहे, जुना लॅपटॉप आहे. वरून हजारेक रुपये घालायची तयारी आहे. एवढ्यात रोग नेमका कळेल का? दुरुस्ती मग कुणाकडून करायची ते पाहता येईल.

इतवारी_खटखट
भाऊ, एवढा विचार काऊन करून राहिले? झेनिट म्हणजे रशियन ट्रॅक्टर, तो बंद पडत नाही. एक रोल टाका, फुटाळा तलावावर जाऊन संपवा, धुवून आणा, सगळं कळते. आमच्या वेळी कोणी मोजमाप नाही केलं. कानाला लावायचं, शटर उडवायचं, समजायचं. यॅशिकाचा मात्र फिल्म सरकवायचा लिव्हर फिरवताना आतून "खट्ट" येतो का ते ऐका. नसेल येत तर रबर गेलं.

मायक्रोस्कोपवाली
धंतोलीवाले भाऊ, रोल एवढ्यात टाकू नका. तपासणीच्या साधनांत रोल सगळ्यात महाग आणि सगळ्यात मुका. छत्तीस फोटो काळे आले तर काहीतरी बिघडलंय एवढंच कळणार. शटर, मीटर, लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) की धुणावळ, ते तो सांगत नाही. (खटखट भाऊ, राग मानू नका. तुमचा कान तयार झालेला आहे, यांचा नाही. आणि "खट्ट"चं तुम्ही शंभर टक्के बरोबर सांगितलंत, त्यावर खाली येतेच.)

मी इथल्याच एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक होते. सूक्ष्मदर्शक किंवा गॅल्व्हानोमीटर दुरुस्तीला बाहेरगावी पाठवायचा म्हणजे मंजुरी येईपर्यंत ती बॅच पास होऊन जायची. त्यामुळे जे काय करायचं ते टेबलावर. त्यातून सवय लागली, की यंत्राला बाहेरून जेवढे प्रश्न विचारता येतील तेवढे आधी विचारून घ्यायचे आणि स्क्रूला हात नंतर लावायचा. जुने कॅमेरे मी रिटायर झाल्यावर हाती घेतले.

लेन्स पटकन आटपते. झेनिटची हेलिओस लेन्स फिरवून काढा, छिद्र पूर्ण उघडा, खोलीत अंधार करा आणि फोनचा टॉर्च तिरपा मारा. समोरून सरळ मारलात तर कुठलीही लेन्स स्वच्छच दिसते. फांद्या फुटलेले धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा दुधाळपणा म्हणजे जुन्या ग्रीसची वाफ आतून बसलेली. नागपूर कोरडं, इथे कुठून बुरशी, असं लोक म्हणतात. मे महिनाभर कूलरच्या खोलीत राहिलेलं कपाट उघडून बघा म्हणावं. पाऊस तर नंतर येतो, ओल आपण एप्रिलपासूनच घरात घेतो. पात्यांवर तेल दिसलं तर हेलिओसचं मनावर घेऊ नका, या हेलिओस ४४-२ चं छिद्र हाताने फिरवायचं असतं, पाती जरा जड फिरली तरी चालतं. यॅशिकात मात्र शटर लेन्सच्या आतच पात्यांचं आहे. तिथे तेल आलं की पाती एकमेकांना चिकटतात, आणि मग इलेक्ट्रॉनिक्स ठणठणीत असूनही शटर आळशी होतं.

झेनिटचा पडदा रबर चढवलेल्या कापडाचा आहे. न्हाणीघरात दिवा बंद करा, लेन्स काढून आरसा बोटाने हलकेच वर धरा, समोरून टॉर्च, मागचं झाकण उघडून आपण मागे. एकदा लिव्हर न फिरवता पाहा, एकदा फिरवून. हे दोनदा करायचं कारण शटर उडालेलं असताना दुसरा पडदा खिडकी झाकतो आणि लिव्हर फिरवल्यावर पहिला. बरेच जण एकदाच बघतात आणि अर्धा पडदा तपासायचा राहतो. सुईच्या टोकाएवढे तारे दिसले तर कापडाच्या काळ्या रंगाचा बारीक ठिपका पुरतो.

झेनिटच्या मीटरला बॅटरी नाही. ते सेलेनियमचं आहे, उजेड पडला की सेल स्वतःच वीज करतो. फोनवर लाइट मीटरचं कुठलंही फुकट अॅप घ्या आणि तीन ठिकाणी दोन्ही वाचनं लिहा: अंगणातलं भर ऊन, व्हरांड्याची सावली, खिडकीजवळची खोली. उन्हात १०० आयएसओच्या (फिल्मचा वेग) फिल्मला शटर १/१२५ आणि छिद्र एफ १६ च्या आसपास यायला हवं, तिथे अॅपही तपासलं जातं. झेनिट तिन्हीकडे सारखंच एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चुकत असेल तर आनंद माना, फिल्मच्या वेगाची चकती एक घर सरकवून काम भागतं. उन्हात बरोबर आणि सावलीत सुई मेलेली असेल तर कॅमेरा हातात धरून वरच्या झाकणाला बोटाने हलकी टिचकी मारा. सुईने उडी मारली तर ती टेकूवर अडकते आहे. नाही हलली तर सेल उतरला. एक सांगून ठेवते, मल्टिमीटर ओहमवर ठेवून या सुईच्या तारांना टोचू नका. ओहमच्या रेंजमध्ये मीटर स्वतः करंट सोडतं आणि ही सुई मायक्रोअँपिअरवर चालणारी आहे. लॅबमध्ये पोरांनी गॅल्व्हानोमीटर असेच वाकवलेले आहेत.

आता शटर. यावर मी जरा जास्त बोलणार.

फोनच्या स्लो मोशनने काम होईल असं सगळे सांगतात. होतं, पण अर्धंच. २४० फ्रेमचा व्हिडिओ म्हणजे दर फ्रेमला सुमारे ४.२ मिलिसेकंद. १/३० हा ३३ मिलिसेकंदांचा, म्हणजे आठ फ्रेम, ठीक. १/६० ला चार फ्रेम, इथेच एका फ्रेमची चूक पाव हिश्शाची झाली. १/५०० हा २ मिलिसेकंदांचा, तो दोन फ्रेमच्या मधल्या फटीत मावून जातो.

म्हणून साउंड कार्ड. लॅपटॉपला लागणारं स्वस्तातलं यूएसबी साउंड कार्ड घ्या, माईकचं भोक वेगळं असलेलं. फोनचं भोक वापरू नका. प्रखर उजेडात सेन्सर शॉर्टसारखा वागतो आणि फोनला वाटतं हेडफोनचं बटण दाबलं, मग गाणी सुरू होतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून फोटोट्रान्झिस्टर (उजेड पडला की वीज जाऊ देणारा सेन्सर) आणि साडेतीन मिमीची पिन आणा. पिनीच्या टोकाला आणि मधल्या कड्याला एकत्र जोडून तिथे सेन्सरचा कलेक्टर हा पाय, मागच्या भागाला एमिटर हा दुसरा. वेगळी बॅटरी लागत नाही, माईकसाठी कार्ड जो व्होल्टेज देतं त्यावरच तो चालतो. सेन्सरवर काळा कागद लावून त्याला सुईने भोक पाडा. हे भोक विसरू नका, त्याचं कारण सांगते. समजा झेनिटचा पडदा ३६ मिमी अंतर २४ मिलिसेकंदांत कापतो. म्हणजे मिलिसेकंदाला दीड मिमी. १/५०० ला दोन पडद्यांमधली फट झाली ३ मिमी. सेन्सरची काचच ३ मिमी असेल तर फट तिच्यावर चढायला दोन आणि उतरायला दोन मिलिसेकंद घेणार, कडा कुठे धरायची तेच कळणार नाही.

सेन्सर मागे, उघड्या झाकणातून पडद्याजवळ; समोरून उजेड टॉर्चचा. ट्यूबलाइट नको, ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि तेच रेकॉर्ड होतं. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग लावा, शटर उडवा, आवाजाची रेघ मोठी करून पाहा. साउंड कार्ड उजेड नोंदवत नाही, उजेडातला बदल नोंदवतं. त्यामुळे उघडताना एक टोक एका बाजूला, बंद होताना दुसरं टोक विरुद्ध बाजूला. एका टोकाच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत मोजा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये १/५०० म्हणजे ८८ नमुने, १/३० म्हणजे १,४७०. एवढं बारीक आपल्याला पुरून उरतं.

झेनिटला हे तीन जागी करा: पडदा जिथून निघतो ती कड, मध्य, आणि जिथे पोचतो ती कड. प्रत्येक वेग पुन्हा पुन्हा उडवून पाहा, एका वाचनावर विश्वास ठेवू नका. आणि पहिलं वाचन वेगळं लिहा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या शटरचं पहिलं उडणंच सगळ्यात खरं बोलतं, नंतर ग्रीस हलतं आणि आकडे सुधारल्यासारखे दिसतात. जमलं तर पहाटेच्या गारव्यात एकदा आणि दुपारी एकदा. डिसेंबरात आपल्याकडे पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा घट्ट ग्रीस आपोआप चुगली करतं. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, काढल्यावर आत दव धरतं.

यॅशिकाला आधी मल्टिमीटर. मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची पाऱ्याची होती, ती आता मिळत नाही. ६ व्होल्टची घातली तरी या कॅमेऱ्याला फारसा फरक पडत नाही. तुमचा दिवा मिणमिणतो याला तीन संशयित: बॅटरी, खणातला पत्रा, आतली तार. बॅटरी नुसती मोजून उपयोग नाही, मेलेली बॅटरीसुद्धा तिच्यावर भार नसताना सहा दाखवते. चेकचं बटण दाबून दिवा लावा आणि तेव्हा बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. आकडा कोसळला तर बॅटरी. सहाच्या आसपास टिकला आणि दिवा तरी मिणमिणता, तर वीज पुढे अडते आहे. मग खेळण्यातला चार पेन्सिल सेलचा डबा घ्या, मगरचिमट्यांनी खणातल्या पत्र्याला जोडा, खणावरची अधिक-उण्याची खूण पाहून. पत्रा पांढरट-हिरवा असेल तर कापसाच्या काडीने व्हिनेगर किंवा लिंबू, मग खोडरबर, मग पुन्हा मोजा.

दिवा नीट लागला की मीटरच्या डोळ्याची परीक्षा. हा डोळा लेन्सच्या आत नाही, वर दर्शकाच्या (व्ह्यूफाइंडरच्या) शेजारी पुढच्या बाजूला आहे. छिद्र एफ १६, बोटाने डोळा झाका, बटण दाबून धरा. शटर उघडं राहायला हवं. बोट काढलं की बंद व्हायला हवं. झाकून आणि न झाकून सारखंच उडालं, तर कॅमेरा मेंदूशिवाय चालतो आहे. बॅटरी नसताना हा कॅमेरा १/५०० ला उडतो, बहुतेक तेच तुम्हाला दिसतंय. आणि इथे खटखट भाऊंचा "खट्ट": लिव्हर फिरवताना तो आला नाही तर आतल्या दांड्याच्या टोकावरचं रबर झिजून गेलं. या मॉडेलचा हा ठरलेला आजार आहे, त्याला फक्त कान लागतो.

आकडे आणा, मग पुढचं बोलू.

धंतोली_३५
ताई, वही भरली! बायको म्हणते ऑफिसचा ऑडिटही एवढ्या मन लावून केला नसशील.

यॅशिका आधी. बटण दाबल्यावर बॅटरीवर ६.१ टिकले, दिवा तरी मिणमिणता. सेलचा डबा त्याच पत्र्याला लावला, तरी मिणमिणता. लिंबू आणि खोडरबर मारल्यावर दिवा भक्कन लागला, तोंडातून "अरे बाप्पा" निघालं. पण डोळा झाकला तरी शटर झटकनच उडतं. आणि "खट्ट" नाही. शेजारच्यांना पण ऐकवलं, कोणालाच नाही आला.

झेनिट. मीटर तिन्हीकडे सव्वा ते दीड स्टॉप कमी दाखवतं, पण सारखंच कमी. पडद्यात एक तारा सापडला, लिव्हर फिरवल्यावर दिसतो.

शटरचे आकडे मिलिसेकंदांत, निघायची कड, मध्य, पोचायची कड असे:
१/५०० ला २.९, २.४, १.६.
१/२५० ला ४.९, ४.४, ३.७.
१/३० ला ३६, ३६, ३५.
पहिली काही उडवणी १/५०० ला पोचायच्या कडेवर आणखी वाईट होती, एकदा तर तिथे टोकच आलं नाही.

म्हणजे कानाला सारखे वाटणारे वेग मुळात सारखे नव्हतेच! मग मला आवाज सारखा का वाटला?

मायक्रोस्कोपवाली
कारण तुम्ही ऐकलात तो आरसा. झेनिटचा आरसा एवढा धाडकन वर जातो की मागे पडदा काय करतो ते त्याखाली बुडून जातं. खटखट भाऊंसारखा माणूस ते वेगळं काढू शकतो, आपण नाही.

तुमचे आकडे सुंदर आलेत. प्रत्येक ओळीत पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातला फरक काढा. १/५०० ला १.३, १/२५० ला १.२, १/३० ला १. म्हणजे वेग कोणताही असो, खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे सव्वा मिलिसेकंद कुठेतरी गळतो आहे. वेग ठरवणारी यंत्रणा बिघडली असती तर सगळे आकडे एकाच प्रमाणात वरखाली झाले असते. तुमची ती यंत्रणा ठीक आहे. १/३० चे ३६ हे ३३ च्या जवळच आहेत, त्याला कोणी हात लावू नये. गडबड पडद्यांच्या धावण्यात आहे. पुढे जाता जाता फट अरुंद होते, म्हणजे दुसरा पडदा पहिल्याला गाठतो आहे. एकदा टोकच आलं नाही, तेव्हा त्याने पूर्ण गाठला. फोटोत ती कड काळी आली असती.

सव्वा मिलिसेकंद ३३ मध्ये कुणाला कळत नाही. २ मध्ये कळतो: २.९ आणि १.६ म्हणजे फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ एक स्टॉपचा फरक, मोकळं आकाश घेतलं तर एका बाजूला गडद दिसेल. १/२५० ला अर्ध्या स्टॉपच्या आत, निगेटिव्ह फिल्म ते पोटात घालते.

आता पहिला पडदा रेंगाळतो का दुसरा जास्त पळतो? पहिल्या उडवण्या जास्त वाईट आणि मग सुधारणा, यावरून माझं बोट पहिल्या पडद्याच्या रुळाच्या टेकूंकडे आणि त्यातल्या सुकलेल्या ग्रीसकडे आहे. स्प्रिंग वापरल्याने तासाभरात सुधारत नाही, ग्रीस सुधारतं. म्हणून दुरुस्तीवाल्याला सांगताना "शटर खराब आहे" असं सांगू नका. सांगा की पहिल्या पडद्याचे टेकू साफ करून एक थेंब हलकं तेल द्या, स्प्रिंगचा ताण बदलू नका, आणि हे आधीचे आकडे, नंतरचे मी मोजून पाहणार आहे. ताण वाढवून आकडे जुळवणं सोपं असतं, पण घाण तशीच राहते आणि पुढच्या थंडीत गाडं मूळपदावर. कागदावर आकडे दिसले की समोरचा माणूस काम वेगळ्या तऱ्हेने करतो, हा माझा अनुभव आहे.

मीटरला काही करू नका. दीड स्टॉप सारखंच कमी, तर फिल्मच्या वेगाच्या चकतीवर तेवढं सरकवा आणि आतल्या झाकणावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

यॅशिकाचं निदान झालं: पत्रा तुम्हीच दुरुस्त केलात, राहिलं रबर. त्यासाठी उघडावं लागेल, पण उघडणारा काय शोधतोय ते आता माहीत आहे. सोल्डरिंग करता म्हणता तर स्वतः करू शकाल. फक्त जपानी स्क्रूंसाठी जपानी मापाचा ड्रायव्हर घ्या. साधा चौफुली ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसत नाही आणि वर चढून डोकं खातो. आणि उघडलंच आहे तर पात्यांवर तेल आहे का तेही बघून घ्या, जाळं आहे त्या अर्थी ओल आत गेलेली आहे.

अजून एक राहिलं. यॅशिकाचं फोकस. मागे फिल्मच्या रुळांवर बटर पेपर ताणून चिकटवा, पारदर्शक चालत नाही, दुधाळच हवा. शटर उघडं ठेवा, घड्याळजीचं भिंग लावा. गच्चीवरून दीक्षाभूमीच्या स्तूपाचं टोक दिसत असेल तर उत्तम, नाहीतर लांबचा मोबाइल टॉवर. लेन्स अनंतावर असताना कागदावर टोक तीक्ष्ण हवं आणि दर्शकातल्या फोकस दाखवणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसलेल्या हव्यात. कागदावर तीक्ष्ण आणि दर्शकात दुहेरी, तर लेन्स ठीक, दर्शक सरकलाय. उलटं असेल तर कुणीतरी लेन्स उघडून चुकीची बसवलेली आहे.

कामठी_टीव्ही
ताईंचं साउंड कार्ड बरोबर आहे, पण तीन जागी सेन्सर सरकवत बसण्यापेक्षा जुना डब्बा टीव्ही वापरा न. चपटा एलईडी नाही, मागे नळकांडं असलेला. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, शटर तपासायला फोटोवाले यायचे.

आपल्याकडच्या टीव्हीत सेकंदाला १५,६२५ ओळी वरून खाली रंगतात, एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद. हेच तुमचं घड्याळ. खोलीत अंधार, झेनिटची लेन्स काढलेली, समोर टीव्ही, मागचं झाकण उघडं, डोळा मागे. १/५०० ला उडवा. पडदा आडवा धावतो आणि टीव्हीची ओळ खाली उतरते, म्हणून तुम्हाला तिरका उजळ पट्टा दिसेल. पट्ट्याची उंची म्हणजे वेळ: २ मिलिसेकंदाला साधारण ३१ ओळी, १/२५० ला ६२. पट्ट्याच्या दोन्ही कडा समांतर हव्या. तुमचे आकडे पाहता तुमचा पट्टा एका बाजूला निमुळता दिसणार. साफसफाई करताना एकेक थेंब टाकला की लगेच उडवून पाहता येते, लॅपटॉप उघडावा लागत नाही. डोळ्याला झटकन निसटलं तर मागे फोन ठेवून एक सेकंदाचा एक्स्पोजर लावा आणि त्यात शटर उडवा.

यॅशिकाचं शटर पात्यांचं, त्यात तिरका नाही, आडवा पट्टा येईल. ओळी मोजल्या की झालं.

सीताबर्डी_सेकंडहँड
एक भर, बाकी ताईंनी सांगितलंच आहे. पेटीत आणखी कॅमेरे निघाले आणि त्यात आतच फ्लॅश असलेला छोटा ऑटोमॅटिक असेल, तर तो हौसेने उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास असतात आणि बॅटरी काढल्यावरही राहू शकतात. झेनिट आणि या यॅशिकात आत फ्लॅश नाही, तिथे ही भीती नाही.

झेनिटची फ्लॅशची जोडणी बघायची तर मल्टिमीटर "टूं" वाजणाऱ्या खुणेवर ठेवून फ्लॅशच्या भोकात दोन तारा धरा. शटर उडताना क्षणभर वाजलं पाहिजे, एरवी गप्प. स्वस्त मीटर एवढ्या झटक्यात वाजत नसेल तर तिथे एक एलईडी, रेझिस्टर आणि सेल लावा, लुकलुक दिसते.

इतवारी_खटखट
ताई, राग नाही. पण सांगून ठेवतो, आरशाखालून पडद्याचा आवाज मला आजही वेगळा ऐकू येते. धंतोलीवाले, पहिल्या पडद्याचे टेकू साफ करायचे तर माझ्याकडे या. पैसे नका देऊ, ती टीव्हीची भानगड मला पाहायची आहे. पट्टा निमुळता दिसला तर मानलं.

धंतोली_३५
भाऊ, नक्की येतो. फक्त डब्बा टीव्ही कुठून आणू? आमच्याकडचा मागच्या दिवाळीत कबाड्याला दिला. ताई, यॅशिकाचं रबर मी स्वतः करतो. स्क्रू ड्रायव्हरची ऑर्डर टाकली.

कामठी_टीव्ही
टीव्ही माझ्याकडे पडून आहे, चौदा इंची, चित्र स्वच्छ. इतवारीत आणून देईन, तिकडे यायचंच आहे. रिमोट नाही, चॅनेल समोरच्या बटणावर. सेट टॉप बॉक्सची गरज नाही, नुसती निळी स्क्रीन आली तरी ओळी दिसतात. ब्राइटनेस पूर्ण वर ठेवा. आणि वायर जुनी आहे, प्लगवर टेप गुंडाळलेला आहे, तो बदलून घ्या मग लावा.